‘तू कर गं, आम्ही आहोत ना!’ म्हणजे नक्की कोण, कधी आणि किती वाजता?

रानवाट

बाईने स्वप्नं बघावीत, शिकावं, पुढे जावं, याला आता उघडपणे नाही म्हणणारं माणूस शोधून सापडायचं नाही. घरी, ऑफिसात, समारंभात सगळे एका सुरात ‘कर, कर’ म्हणतात. मग घोडं अडतं कुठे?

माझं मत आधीच मांडून टाकते, मग तुम्ही तुटून पडायला मोकळे. ‘कर’ म्हणणाऱ्याने स्वतःच्या अंगावर काय घेतलं, त्यावर तो पाठिंबा आहे की नुसती तोंडाची वाफ, ते ठरतं. शाबासकी हवीच, पण तिचा नंबर बराच खाली लागतो. आधी लागतो वेळ, तोही सलग. मग तिच्या स्वतःच्या हातात असलेला पैसा. मग असं कुणीतरी, जे ती हजर नसलेल्या खोलीत तिचं नाव घेईल.

माझ्या ओळखीतली एक जण नोकरी सांभाळून परीक्षेची तयारी करत होती. नवरा म्हणजे तिचा पहिल्या नंबरचा चाहता. येईल त्याला कौतुकाने सांगायचा. संध्याकाळी ती खोलीचं दार लावून बसली की पाच-दहा मिनिटांत टकटक. “तू उठू नकोस, फक्त सांग, धाकटीचे मोजे कुठे असतात?” थोड्या वेळाने, “तापाचं औषध किती द्यायचं? नाही, ताप नाहीये, विचारून ठेवतोय.” मग जरा शांतता. मग दार बोटभर उघडून, कुजबुजत, “डिस्टर्ब नाही ना होत आहे?” माणूस गुणी आहे हो, त्यात शंकाच नाही. पण घराचा नकाशा तिच्या डोक्यात आणि हा बाहेर टॉर्च घेऊन उभा.

आता उलट बाजूचं उदाहरण. मारी क्युरी सगळ्यांना ठाऊक, तिची बहीण ब्रोन्या फारशी कुणाला नाही. वॉर्सात तेव्हा विद्यापीठाची दारं मुलींना बंद होती. दोघी बहिणींनी आपसात ठरवलं की आधी थोरलीने पॅरिसला जाऊन डॉक्टर व्हायचं, धाकटीने तोवर परक्या घरी मुलांना शिकवायची नोकरी करून तिला पैसे पाठवायचे आणि मग पाळी उलटायची. धाकटीने काही वर्षं ती नोकरी केली आणि १८९१ साली ती पॅरिसला पोचली. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, तेव्हा घर सांभाळायला आले सासरे. युजीन क्युरी स्वतः डॉक्टर होते. नातींना त्यांनी वाढवलं. १९०६ साली त्यांचा मुलगा पिएर अपघातात गेला, तरी ते सुनेचं घर सोडून गेले नाहीत. १९१० मध्ये वारेपर्यंत तिथेच राहिले. मारीला दुसरं नोबेल मिळालं ते त्याच्या पुढच्या वर्षी. सासऱ्यांनी सुनेला प्रेरणा दिली की नाही, ते मला माहीत नाही. पोरी सांभाळल्या, एवढं माहीत आहे.

तर प्रश्न असा: तुमच्या बाबतीत, किंवा तुम्ही जवळून पाहिलेल्या कुणाच्या बाबतीत, कुठला पाठिंबा खरोखर कामी आला? ‘त्यांनी खूप प्रोत्साहन दिलं’ हे उत्तर बाद.

---

अर्धविराम

मोजे!! आमच्याकडे ‘पाण्याची बाटली’ असते. बाकी कहाणी शब्दशः तीच.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालात आहे, की जगभरात घरकाम आणि माणसांची देखभाल या बिनपगारी कामाचे तीन चतुर्थांशांहून जास्त तास बायकांच्या वाट्याला येतात. तास निदान मोजता तरी येतात. लसीची तारीख लक्षात ठेवणं, बूट लहान झालेत हे वेळेवर ध्यानात येणं, पाहुणे येणार म्हणून आधीच्या दिवशी डोक्यात चक्रं सुरू होणं, हे कुठल्या रकान्यात घालायचं? हात रिकामे असले तरी डोकं रिकामं नसतं, आणि लिहायला, अभ्यासाला, नवा धंदा मांडायला डोकंच लागतं.

म्हणून ‘सांगितलं असतंस तर केलं असतं’ म्हणणाऱ्यांना माझं एकच म्हणणं, की सांगण्याचं खातं पण तुमच्याकडेच घ्या.

---

काजवा

+१००. वाचतेय. माझ्याकडे भर घालण्यासारखं काही नाही, पण शेवटचं वाक्य मी घरच्या ग्रुपवर टाकलंय. अजून तरी सगळे ‘सीन’ करून गप्प आहेत.

---

उलटतपासणी

लेख चांगला आहे, पण दोन-तीन गोष्टी खटकल्या.

एक, स्वप्न तिचं असेल तर त्याची किंमत इतरांनी का मोजायची? मलाही तबला शिकायचा होता. मला कुणी सलग वेळ दिला नाही. नोकरी, कर्ज, आईचं आजारपण, राहून गेलं. असे पुरुष ढिगाने आहेत आणि त्यांच्यासाठी कुणी धागा काढत नाही.

दोन, सगळ्यांनी टाळ्याच वाजवायच्या का? स्पष्ट शंका विचारणारा माणूस मला जास्त कामाचा वाटतो. कॅथरीन स्विट्झरचा प्रशिक्षक आर्नी ब्रिग्ज तिला आधी सरळ म्हणाला होता, की बाईला मॅरेथॉनचं अंतर झेपणार नाही. सरावात पळून दाखव, मग मी स्वतः तुला बोस्टनला नेतो. तिने दाखवलं. मग रीतसर नाव नोंदव, असा आग्रह त्यानेच धरला आणि १९६७ च्या शर्यतीत तो तिच्या बरोबर पळत होता. स्पर्धेचा एक अधिकारी तिला ओढून बाहेर काढायला धावला, तेव्हा ‘सोडा तिला’ म्हणून ओरडणाऱ्यांत ब्रिग्जही होता. बायकांना त्या शर्यतीत अधिकृत प्रवेश मिळायला १९७२ उजाडलं. मुद्दा असा की शंका घेणारा माणूस शत्रूच असतो असं नाही.

तीन, सगळी चर्चा नवऱ्याभोवती फिरतेय. ज्यांना नवरा नाही त्यांचं काय?

---

रानवाट

उलटतपासणी, ब्रिग्जचं उदाहरण फक्कड आहे. पण ते माझ्याच बाजूने जातं बरं का. शंका घेतली, कसोटी सांगितली, ती पार पडल्यावर शब्द पाळला आणि स्वतःचे पाय झिजवले. नुसती शंका घेऊन खुर्चीत बसला असता तर आज त्याचं नाव तुम्ही घेतलं नसतं.

तबल्याबद्दल वाईट वाटलं, हे मनापासून. पुरुषांची स्वप्नंही राहून जातात, वाद नाही. त्यांचा वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन. पण ‘किंमत इतरांनी का मोजायची’ हा प्रश्न पुरुषाच्या करिअरबद्दल कुणी विचारताना मला तरी दिसलेलं नाही. त्याच्या बढतीसाठी घर दुसऱ्या गावी हलतं, त्याच्या उशिराच्या मीटिंगसाठी जेवणाच्या वेळा सरकतात, आणि याला कुणी पाठिंबा वगैरे म्हणत नाही, कारण ते दिसतच नाही. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांच्या मांडणीत हे आहे. एकाच पेशातल्या स्त्री-पुरुषांच्या कमाईतली दरी आता मुख्यतः पहिल्या मुलानंतर रुंदावते. ज्या नोकऱ्या ‘कधीही बोलावू, हजर हवं’ म्हणतात त्या भरमसाट पैसे देतात. दोघांनी तशी नोकरी घेतली तर घराकडे बघायला कुणी उरत नाही, मग एकाने मागे सरायचं आणि ती बहुधा बाई असते. कुणी दुष्ट असायची गरजच पडत नाही. हिशेब आपोआप तसा लागतो.

नवऱ्याशिवायच्या बायकांबद्दल बरोबर बोललात. बाकीच्यांनी लिहा.

---

पाऊलखुणा

नवऱ्यांचा विषय निघालाच आहे तर दोन जोड्या समोर ठेवते.

व्हेरा रुबिन, खगोलशास्त्रज्ञ. दीर्घिकांच्या फिरण्याचा अभ्यास करून डार्क मॅटरचा, म्हणजे विश्वातल्या न दिसणाऱ्या पदार्थाचा, पुरावा भक्कम करणाऱ्यांत यांचं नाव फार वर आहे. डॉक्टरेट केली ती जॉर्जटाउन विद्यापीठात, संध्याकाळच्या वर्गांना जाऊन, पदरात लहान मुलं असताना. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. नवरा रॉबर्ट, तोही शास्त्रज्ञच, कामावरून सुटला की त्यांना वर्गाला सोडायचा आणि वर्ग संपेपर्यंत बाहेर गाडीत बसून राहायचा. जेवणही गाडीतच. मुलं तेवढा वेळ व्हेराच्या आईवडिलांकडे. १९५४ मध्ये डॉक्टरेट झाली. एका पदवीमागे किती माणसांच्या संध्याकाळी आहेत बघा.

दुसरी जोडी आपल्या सगळ्यांच्या शालेय पुस्तकातली. आनंदीबाई आणि गोपाळराव जोशी. गोपाळराव नसते तर आनंदीबाई १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या नसत्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या नसत्या, हे खरंच. पण त्यांच्या चरित्रांतून गोपाळरावांचा धाक येतो, मारही येतो. अभ्यास सोडून घरकामात लक्ष घातलं म्हणून मार! मला तिथे नेहमी अडखळायला होतं. याला पाठिंबा म्हणायचं का? स्वप्न कुणाचं होतं?

---

जुनं_खोड

पाऊलखुणा, प्रश्न चांगला आहे, पण त्याचं उत्तर आनंदीबाईंनी स्वतःच दिलंय असं मला वाटतं. पहिलं मूल जन्मून दहा दिवसांत गेलं, त्या वेळी त्या जेमतेम चौदा वर्षांच्या होत्या. बाईला तपासायला बाई डॉक्टर हवी, ही तळमळ त्यातून आलेली होती आणि ती त्यांची स्वतःची होती. सुरुवात दुसऱ्याने ढकलून झाली तरी पुढे स्वप्न आपलं होऊ शकतं. म्हणून काही मार माफ होत नाही.

त्या गोष्टीत मला गोपाळरावांपेक्षा कार्पेंटरबाई जास्त भावतात. न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर. नात्याच्या ना गोत्याच्या. एका मासिकात छापून आलेला पत्रव्यवहार वाचून त्यांनी आपणहून पत्र धाडलं, आणि पुढे परक्या मुलुखात आलेल्या या मुलीला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. नवरा नसलेल्यांचं काय, असं वर कुणी विचारलंय. त्यांनी अशा बायका शोधाव्यात. त्या असतात.

आता माझं थोडं, वयाचा फायदा घेऊन. आमच्या पिढीत ‘सासरच्यांनी करू दिलं’ असं म्हणायची पद्धत होती. आजही ऐकते. ‘करू दिलं’ म्हटलं की त्याचं व्याज जन्मभर भरावं लागतं. नोकरी करू दिली म्हणून सण चुकवायचा नाही, शिकू दिलं म्हणून उलट बोलायचं नाही, जरा कंटाळा आला म्हटलं तर ‘तुलाच हवं होतं ना?’ हे शेवटचं तर मी इतक्यांदा ऐकलंय की लोकांनी तोंड उघडायच्या आत मला ऐकू येतं. आपल्या माणसाला पुढे जाऊ देणं हे काही दान नव्हे. आणि दान असलंच, तर ते गाजवू नये एवढी रीत तरी पाळा.

सुनेने पुन्हा शिकायला घेतलं तेव्हा मी तिला उपदेश केला नाही. ठरलेल्या दोन संध्याकाळी नातू माझा, एवढंच ठरवलं. त्या वेळात मी तिला फोन करत नाही. पडला, रडला, हट्ट केला, ते आमचं आम्ही बघतो. पहिल्या काही दिवसांत मुलगा म्हणाला, “आई, तिला एकदा विचारून घे ना.” मी म्हटलं, “तू बाप आहेस ना, तूच सांग.” तेव्हापासून त्याला बऱ्याच गोष्टी सापडायला लागल्या.

---

काजवा

जुनं_खोड, दत्तक सून घेता का? 😀

---

मधली_फळी

ऑफिसची बाजू कुणी लिहिलेली नाही, म्हणून मी लिहिते. बरीच वर्षं माणसं निवडण्याच्या आणि बढत्यांच्या बैठकांना बसलेली आहे. तिथे उघड विरोध मी क्वचितच पाहिला. जास्त वेळा दिसली ती दया. “तिचं बाळ लहान आहे, तिला कशाला आता या प्रोजेक्टचा ताण?” “फिरतीचं काम आहे, तिला नको वाटेल.” म्हणणारा चांगल्या मनाने म्हणतो, बाकीचे माना डोलावतात आणि पुढचं नाव येतं. त्या बाईला कळतही नाही की दार उघडलं होतं आणि कुणीतरी प्रेमाने लावून घेतलं. माझा एक साधा नियम आहे. बैठकीत कुणी असं म्हणालं की मी विचारते, “तिला विचारलंय का?” बहुतेक वेळा विचारलेलं नसतं. विचारलं तर काही जणी नाही म्हणतात, काही जणी उडी मारतात. तो निर्णय तिचा.

आणि हा नुसता माझा अनुभव नाही. २००७ मध्ये अमेरिकेत शेली कॉरेल आणि सहकाऱ्यांनी सारख्याच तोलामोलाचे अर्ज नोकरीसाठी पाठवून पाहिले. फरक एवढाच, की एकात मुलं असल्याचा उल्लेख होता. आई असलेल्या उमेदवाराला बोलावणी कमी आली. बाप असलेल्याचं काही अडलं नाही.

दुसरं, मार्गदर्शन आणि शब्द टाकणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बायकांना मार्गदर्शन भरपूर मिळतं. आत्मविश्वासाने बोल, जरा पुढे बस, नेटवर्किंग कर. तिच्यासाठी स्वतःची पत पणाला लावून ‘हे काम तिला द्या, जबाबदारी माझी’ म्हणणारे थोडे. रानवाटने क्युरी कुटुंबाचं उदाहरण दिलंय, त्यातलाच पुढचा भाग सांगते. १९०३ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलसाठी फ्रेंच अकादमीच्या सदस्यांनी जी शिफारस धाडली तिच्यात पिएर आणि बेक्रेल होते, मारीचं नावच नव्हतं. स्वीडनचे गणितज्ञ मिताग-लेफ्लर यांनी हे पिएरना कळवलं. पिएरनी उलट टपाली लिहिलं, की माझा विचार होत असेल तर तो मादाम क्युरींच्या बरोबरीनेच व्हावा. दोन माणसं, दोन पत्रं. ती त्या खोलीत नव्हती.

उलट अर्धवट दार उघडण्याची पण उदाहरणं आहेत. एमी नोएदर ही गणितज्ञ. तिला डेव्हिड हिल्बर्ट आणि क्लाइन या गणितज्ञांनी १९१५ मध्ये जर्मनीतल्या ग्यॉटिंगेन विद्यापीठात बोलावलं. विद्यापीठातल्या बाकीच्या मंडळींनी बाईला शिकवू द्यायला विरोध केला, तर हिल्बर्टने तिची व्याख्यानं स्वतःच्या नावाने जाहीर करून तिला शिकवू दिलं. युक्ती झकास. पण १९१९ पर्यंत तिच्या स्वतःच्या नावाने शिकवायची मुभा नव्हती आणि पगारही नव्हता. दार उघडून दिलंत तर आत खुर्ची आहे का, तेही बघा.

---

उलटतपासणी

मधली_फळी, प्रतिसाद आवडला. मग निवड करताना नावच झाकून टाकायचं की! अमेरिकेत वाद्यवृंदांच्या चाचणीत उमेदवार पडद्याआड वाजवतात, ते उदाहरण लोक नेहमी देतात. गोल्डिन आणि राऊझ यांचा २००० सालचा निबंध. अर्थात त्यातल्या आकड्यांवर नंतर बरीच टीका झाली, ती लोक सांगत नाहीत.

---

मधली_फळी

टीका झाली, खरं आहे. काही आकडे तितके पक्के नाहीत. तरी कल्पना म्हणून पडदा मला पटतो, सुरुवातीच्या चाळणीपुरता. पण पडद्याआडून वाजवता येतं, प्रोजेक्ट सांभाळता येत नाही. बढती देताना समोर माणूस असतोच. तिथे बैठकीत बोलणारं माणूसच लागतं.

---

नवखी

पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी परिस्थिती उलटी आहे. मला सगळेच कर म्हणतात. नवरा, आई, बहीण. मुलांसाठी नोकरी सोडली होती, आता मुलं शाळेत जातात. मला हिशेबाच्या कामात परत यायचंय, त्यासाठी एक कोर्स करायचाय. कुणाचीही आडकाठी नाही. तरी सुरुवात होत नाही. रोज काहीतरी निघतंच. आणि खरं सांगायचं तर वरची उदाहरणं वाचून दडपणच आलं. नोबेल, एव्हरेस्ट वगैरे. माझं स्वप्न एवढंसंच आहे. यासाठी घरच्यांना वेळ मागायचा म्हणजे अतीच वाटतं. वय पण चाळिशीच्या पुढे आहे.

---

अर्धविराम

नवखी, स्वागत! एव्हरेस्टचं नाव अजून कुणी काढलं नव्हतं, तुम्हीच काढलंत 😀

स्वप्नाला उंचीची अट कुणी घातली? महिन्याकाठी स्वतःचे पैसे हातात यावेत यापेक्षा ठोस स्वप्न मला तरी माहीत नाही. आणि चाळिशीचं कौतुक नका सांगू. ॲना मेरी रॉबर्टसन मोझेस या शेतकरी बाईने वयाच्या सत्तरीच्या शेवटाला नेटाने चित्रं काढायला घेतली. न्यूयॉर्कमध्ये पहिलं एकटीचं प्रदर्शन भरलं १९४० मध्ये, त्या वेळी त्या ऐंशीच्या होत्या.

---

सरळरेष

एव्हरेस्ट निघालंच आहे तर मला सोडवत नाही. जुन्को ताबेई, १९७५, शिखरावर पोचलेली पहिली बाई. गिर्यारोहणाच्या क्लबांत पुरुष धड वागवत नव्हते म्हणून १९६९ मध्ये तिने बायकांचाच क्लब काढला. मोहिमेसाठी पैसे मागायला गेल्यावर ‘घरी बसून मुलं सांभाळा’ हे ऐकून झालं. मग तिने पियानोच्या शिकवण्या घेतल्या, सगळ्याजणींनी मिळून गाडीच्या सीटची जुनी कव्हरं फाडून जलरोधक हातमोजे शिवले. घरी लहान मुलगी होती, ती नवऱ्याने सांभाळली. वाटेत हिमप्रपातात सापडली, शेर्पांनी ओढून बाहेर काढलं, आणि त्यानंतर बारा दिवसांनी ती वर होती.

मला यातली शिवणाची गोष्ट सगळ्यांत आवडते. चढायचं एव्हरेस्टवर आणि सगळ्याजणी बसून हातमोजे शिवतायत. शिखरावर त्या मोहिमेतली ती एकटीच बाई पोचली.

नवखी, तुमच्यासारख्या आणखी दोघी-तिघी शोधा. ठरलेल्या वेळी फोन लावून ठेवायचा, कुणी कुणाशी बोलायचं नाही, आपापला अभ्यास करायचा. आम्ही असंच केलं. कुणी तरी आपली वाट बघतंय म्हटल्यावर घरातलं काम ‘निघत’ नाही, निघालं तरी थांबतं.

---

पाऊलखुणा

एक गोष्ट अजून कुणी बोललेलं नाही. जमलं नाही तर?

माझ्या मैत्रिणीने घरगुती कपड्यांचा व्यवसाय सुरू केला होता. सगळ्यांनी उचलून धरलं, खरंच धरलं. तो चालला नाही. बंद केला. त्यानंतर जे सुरू झालं ते बघून मला घाम फुटला. भाऊ म्हणाला, “बोललो होतो.” जाऊ म्हणाली, “चला, आता घराकडे लक्ष देता येईल.” शिलाई मशीन कोपऱ्यात होतं, त्याच्याकडे येणारा-जाणारा प्रत्येक जण सूचक नजरेने बघायचा. तिच्या नवऱ्याचा एक धंदा त्याआधी बुडालेला होता. त्याला घरात सगळे ‘अनुभव’ म्हणत.

बाईला एकच डाव मिळतो, असं का? बुडालेल्या पैशाचा हिशेब जरूर मांडा, तिच्यासोबत बसून मांडा. पण दुसरा डाव टाकायची वेळ आली की पहिल्याचा पाढा वाचू नका. ती आता दुसऱ्याच्या दुकानात कटिंग बघते आणि पुन्हा स्वतःचं काढायचं म्हणते आहे. मी पैसे घालणार आहे, थोडे, परत न आले तरी चालतील इतकेच.

---

उलटतपासणी

हे शेवटचं आवडलं. परत न आले तरी चालतील इतकेच पैसे घालावेत, हा नियम सगळ्यांनाच लागू.

माझं मूळ म्हणणं कायम आहे. ज्याचं स्वप्न त्याने आधी स्वतः थोडी किंमत मोजावी, मग लोक येतात. नवखी, तुम्ही घरी नक्की काय मागितलंत? ‘मला वेळ हवा’ असं म्हटलं असेल तर मलाही काही कळलं नसतं. दिवस आणि तास सांगा.

---

नवखी

सगळ्यांचे आभार. उलटतपासणी, हो, मी ‘जरा वेळ मिळायला हवा’ असंच म्हणत होते. काल रात्री बसून सांगितलं. मंगळवार आणि गुरुवारची संध्याकाळ, आणि रविवारी सकाळचे तीन तास. नवरा म्हणाला गुरुवार त्याला जमणार नाही, बुधवार चालेल. म्हणजे तो खरंच विचार करतोय! नुसता हो म्हणाला असता तर मला भरवसा वाटला नसता.

कोर्सचे पैसे माझ्या जुन्या साठवणुकीतून भरणार आहे. त्याने देतो म्हटलं, पण जुनं_खोड यांचं व्याजाचं वाचून ठरवलं की नको.

आता एक अडचण. अर्जात मधल्या वर्षांचं काय लिहू? काहीच न लिहिता तारखा टाकल्या तर खड्डा दिसतो.

---

जुनं_खोड

पैशाचं बरं केलंस गं. तरी एक सांगते, घरखर्चातलं तुझं नाव कमी करू नकोस. इतकी वर्षं तू घरात जे राबलीस त्यावर त्याची कमाई उभी आहे. त्यातलं घेतलंस तर ते व्याजाचं होत नाही. या वेळी साठवणुकीतून भर, पुढच्या वेळी भांडून घे.

---

मधली_फळी

नवखी, खड्डा लपवू नका आणि त्याबद्दल माफीही मागू नका. सरळ एक ओळ: अमुक साल ते तमुक साल, मुलांच्या संगोपनासाठी पूर्णवेळ रजा. एवढंच. ‘या काळात मी वेळेचं नियोजन शिकले’ वगैरे वाक्यं घालू नका, आम्ही ती उड्या मारून पुढे जातो. त्याच्या वर, पहिल्याच भागात, आता काय येतं ते लिहा: कोर्स, कुठलं सॉफ्टवेअर हाताळलंय, आधीच्या नोकरीत कुठल्या स्वरूपाची खाती सांभाळलीत. त्या काळात सोसायटीचे किंवा शाळेच्या समितीचे हिशेब बघितले असतील तर ते कामच आहे, तारखेसकट लिहा. पहिल्या मुलाखतीत ‘मुलांचं कोण बघणार’ असं विचारलं तर ‘त्याची सोय झालेली आहे’ एवढं सांगून कामाचा प्रश्न विचारायचा.

मसुदा व्यक्तिगत निरोपाने पाठवा. माझ्या ओळखीत एका ठिकाणी अर्धवेळ जागा निघणार आहे, पण अर्ज बघितल्याशिवाय मी कुणाचं नाव पुढे करत नाही. रविवारी दुपारी वाचून कळवते.

---

नवखी

शाळेच्या पालक समितीचे हिशेब बघत होते! ते काम म्हणून लिहायचं डोक्यातच आलं नव्हतं. त्याच्या वह्या माळ्यावर आहेत बहुतेक. शनिवारपर्यंत पाठवते.